बर्डच्या मागून

चार्ल्स मिंगस हा जॅझमधला मोठा बासवादक आणि रचनाकार. त्याच्या एका रचनेचं नाव भलतंच लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर, चार्ली पार्कर हा पिस्तूलबाज असता तर त्याची नक्कल करणारे ढिगानं मेले असते, अशा अर्थाचं. १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'मिंगस डायनॅस्टी' या रेकॉर्डवर ती आली तेव्हा नाव आखडून 'गनस्लिंगिंग बर्ड' एवढंच ठेवलं होतं. 'बर्ड' हे पार्करचं टोपणनाव. विनोद उघड आहे. वेस्टर्न सिनेमात जो दुसऱ्यासारखं पिस्तूल उपसायला जातो तो मरतो. सॅक्सोफोनच्या बाबतीत तसं होत नाही. नक्कल करणारा जिवंत राहतो, वर त्याला बिदागीही मिळते.

मला मात्र ते नाव वाचलं की विनोदाच्या तळाशी दुसरंच काही दिसतं. कारण पार्करची नक्कल करणारे खरोखरच मेले. सगळे नव्हे, पण पुष्कळ. पिस्तुलानं नव्हे, सुईनं. पार्करच्या प्रभावाबद्दल लिहिणारे सहसा पहिल्या नकलेबद्दल भरभरून लिहितात, म्हणजे त्याच्या सुरावटी, त्याचा वेग, त्याची लय कोणी कशी उचलली याबद्दल. दुसरी नक्कल एखाद्या हळहळत्या वाक्यात उरकली जाते. जणू प्रभाव ही फक्त चांगल्या गोष्टींचीच वाटणी आहे, आणि बाकीचं जे लोकांपर्यंत पोचलं ते अपघातानं सांडलं.

हे सांडणं नेमकं कोणाच्या खात्यावर मांडायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं आहे. तो पार्करपुरता नाही, पण पार्करच्या बाबतीत तो जितका उघडा पडतो तितका क्वचितच पडत असेल.

आधी पार्कर कोण, हे थोडं सांगतो. जन्म २९ ऑगस्ट १९२०, कॅन्सस सिटी. गरीब घर, वडील फारसे घरी नसलेले, आई राबणारी. सोळाव्या वर्षी तो रीनो क्लबमध्ये मोठ्यांच्या मैफलीत वाजवायला उभा राहिला आणि भरकटला. काउंट बेसीचा ड्रमर जो जोन्स यानं वैतागून एक झांज उचलून त्याच्या पायांशी भिरकावली. सगळे हसले. पुढच्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर कामाला गेला. सोबत लेस्टर यंगच्या रेकॉर्डी होत्या, आणि त्यातलं वादन त्यानं सुरासुरानं तोंडपाठ केलं. पुढे एका मुलाखतीत त्यानं सांगितलं की त्या काळात तीन-चार वर्षं तो दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवत असे. शेजारी कंटाळून त्याच्या आईला घर सोडून जायला सांगणार होते, असंही तो म्हणाला. हा आकडा आपल्याकडच्या रियाझाच्या गोष्टींत सहज खपून जाईल. मी तो मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे तो लागणार आहे.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यानं 'को-को' ध्वनिमुद्रित केलं. ज्यांनी जॅझ कधी ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात इथून करू नये, पण कधीतरी ऐकावं. 'चेरोकी' नावाचं एक लोकप्रिय गाणं होतं. पार्करनं त्याची चाल टाकून दिली, खालच्या कॉर्ड्सचा सांगाडा तेवढा ठेवला आणि त्यावर आपली नवी सुरावट उभी केली. आपल्याकडे नाटकवाल्यांनी बंदिशीच्या चालीवर नवी पदं बसवली, म्हणजे चाल जुनी आणि शब्द नवे. इथे चालच नवी, जुना फक्त पाया. बीबॉपच्या बऱ्याच रचना अशा आहेत. 'ऑर्निथॉलॉजी' तशीच, 'हाउ हाय द मून'च्या पायावर उभी. यात व्यवहारही होता. कॉर्ड्सवर कोणाची मालकी नसते, त्यामुळे रेकॉर्ड कंपनीला मूळ गाण्याच्या मालकाला पैसे द्यावे लागत नसत. आणि हीच गंमत पार्करवर उलटली. त्याच्या 'नाउज द टाइम'मधली सुरावट 'हकलबक' या नाचाच्या गाण्यात गेली, १९४९ साली ते गाणं तुफान चाललं, आणि पार्करच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

पण पैशांचा हिशेब बाजूला ठेवू. 'को-को'नंतर आल्टो सॅक्सोफोन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला या माणसाच्या घरावरूनच जावं लागलं. सनी स्टिट हा स्वतः अव्वल वादक, पण पार्करशी होणारी तुलना त्याला इतकी जाचली की तो बराच काळ टेनर वाजवत राहिला. १९५५ साली फ्लोरिडाहून कॅननबॉल अ‍ॅडर्ली न्यूयॉर्कला आला तेव्हा लोकांनी त्याला लगेच 'नवा बर्ड' करून टाकलं; बिचाऱ्याची स्वतःची ओळख व्हायच्या आधी वारसदार म्हणून नेमणूक झाली. सॅक्सोफोनच कशाला, ट्रम्पेटवाले, पियानोवाले, ड्रमवाले, सगळ्यांच्या बोलण्यात पार्करची वाक्यं शिरली. भाषा बदलते तसं झालं. एखाद्या भाषेत ज्ञानेश्वरांनंतर लिहिणाऱ्याला ज्ञानेश्वर न वाचताही त्यांचे शब्द वापरावे लागतात, तसं काहीसं.

आता दुसरी नक्कल.

१९३६ च्या नोव्हेंबरात, ओझार्ककडेच जाताना पार्करच्या गाडीला अपघात झाला. सोबतचा एकजण गेला, पार्करच्या बरगड्या मोडल्या. वेदना शमवायला दिलेल्या औषधांतून पुढची वाट सुरू झाली असं त्याचे चरित्रकार मानतात. विशीच्या आत तो हेरॉइनमध्ये अडकलेला होता. १९४६ च्या जुलैत लॉस एंजेलिसला 'लव्हर मॅन'च्या ध्वनिमुद्रणाला तो धड उभाही राहू शकत नव्हता. त्या रात्री हॉटेलात गोंधळ झाला, अटक झाली, आणि कॅमरिओच्या सरकारी मनोरुग्णालयात सहा महिने काढावे लागले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला लागणारं परवानापत्र त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. १९५४ मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी वारली. १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या स्टॅनहोप हॉटेलात, एका मैत्रिणीच्या खोलीत, टीव्ही पाहता पाहता तो गेला. मृतदेह पाहून डॉक्टरांनी वय पन्नास ते साठच्या दरम्यान असावं असा अंदाज केला. पार्कर चौतीस वर्षांचा होता.

त्याच्या आजूबाजूला वावरणारी पोरं अठरा-वीस वर्षांची होती. त्यांनी काय पाहिलं? एक माणूस स्टेजवर येतो, आधी अर्धवट झोपेत असतो, मग वाद्य तोंडाला लावतो आणि जे वाजवतो ते पृथ्वीवर दुसऱ्या कोणाला जमत नाही. यातून जो निष्कर्ष निघू नये तोच निघाला. रेड रॉडनी हा पार्करच्या पंचकातला ट्रम्पेटवाला. गोरा पोरगा. दक्षिणेतल्या दौऱ्यावर काळे-गोरे एकत्र वाजवायची सोय नव्हती म्हणून पार्करनं त्याला 'अल्बायनो रेड' या नावानं, काळा पण रंगद्रव्य नसलेला, असं सांगून नेलं. हे त्या पोराचं भाग्य. त्याच काळात तोही हेरॉइनला लागला आणि पुढची कित्येक वर्षं त्यात गेली.

या पोरांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. आपण ज्याच्यावर भाळतो त्याच्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं हे ठरवायची फूटपट्टी कोणाकडे असते? सगळा माणूसच हवासा वाटतो. शिवाय त्यात एक साधी अडचण होती. पार्करचे ते दिवसाचे पंधरा तास कॅन्सस सिटीत, दहा वर्षांपूर्वी, कोणी पाहत नसताना होऊन गेले होते. सुई मात्र आज, इथे, ग्रीनरूममध्ये दिसत होती. ज्यानं तो घडला ते अदृश्य आणि ज्यानं तो मोडत होता ते डोळ्यांसमोर. नक्कल करणारा दिसेल तेच उचलणार.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, आणि गंमत म्हणजे ती एकमेकांच्या तोंडाकडे पाठ करून उभी आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागतात, म्हणून श्रेष्ठानं वागताना भान ठेवावं. जबाबदारी वरच्याची. भागवताच्या दशम स्कंधात मात्र रासलीलेनंतर परीक्षित अवघड प्रश्न विचारतो तेव्हा शुकमुनी उलटं सांगतात. समर्थांच्या कृतीची नक्कल करायला जाऊ नये. हलाहल शंकरानं प्यायलं, दुसऱ्यानं प्यायलं तर तो मरेल. थोरांचं बोलणं घ्यावं, वागणं तपासून घ्यावं. इथे जबाबदारी खालच्याची.

लहानपणी कीर्तनात दुसरं उत्तर ऐकलं तेव्हा मला ते पळवाट वाटलं होतं. मोठ्यांनी काहीही करावं आणि वर तुम्ही करू नका म्हणावं. आता तसं वाटत नाही. त्यात माणसाच्या स्वभावाचं खरं निरीक्षण आहे. पण ते पार्करला लावून पाहिलं की अडतं. पार्करनं बोलण्यात काही कमी केलं नव्हतं. नशेत आपण अधिक चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक खोटं बोलतो, हे तो जाहीरपणे म्हणत होता. तरुणांना बाजूला घेऊन सांगत होता. उपयोग शून्य. डोळे मिटत चाललेला माणूस सांगतो की हे करू नकोस, तेव्हा शब्द ऐकू येत नाहीत, मिटते डोळेच दिसतात.

ही गोष्ट मला परकी नाही, म्हणून मी तिच्यात इतका गुंतलो आहे. ऐंशीच्या दशकात पुण्यात पेठेतल्या एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो. त्यातला एक तबला शिकायचा. हात असा की खालच्या मजल्यावरची मालकीणबाई सुद्धा भाड्याची आठवण करायला वर आल्या की दारात थबकून दोन मिनिटं ऐकायच्या. त्याचे गुरुजी नावाजलेले, आणि त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती: कार्यक्रमाच्या आधी दोन पेले. त्यांच्या वाजवण्यात एक सैलपणा होता. ते समेवर कधी घाईनं पडायचे नाहीत, अगदी शेवटच्या क्षणी, जणू सहज आठवलं म्हणून, येऊन बसायचे. माझ्या मित्राची खात्री होती की तो सैलपणा पेल्यातून येतो. आम्ही त्याला वेड्यात काढलं की तो म्हणायचा, "तुम्हाला लयीतलं काय कळतं?" खरंच कळत नव्हतं. पण गुरुजींनी तरुणपणी एकेक कायदा महिनोन्‌महिने घोटला होता हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं, त्याला तर आमच्याहून जास्त ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नसतो.

एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला. यकृत. तेराव्याला गुरुजी आले, कोपऱ्यात खुर्चीवर बसले. कोणीतरी काहीतरी बोललं असावं, किंवा कोणी बोललं नसेल आणि त्यांना तसं वाटलं असेल. ते एकदम म्हणाले, "मी त्याला कधी ओतून दिली का? विचारा कोणालाही. उलट शिव्या घातल्या."

ते खरं होतं. त्यांनी त्याला कधी ओतून दिली नव्हती. एकदा तर तोंडाला वास आला म्हणून शिकवणीतून हाकलून दिलं होतं, आणि तो दोन दिवस जिन्यात बसून राहिला तेव्हा परत घेतलं होतं. त्यांच्या वाक्यावर कोणी काही बोललं नाही. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की ते वाक्य प्रत्येक शब्दात खरं आहे आणि तरीही पुरत नाही. कुठे पुरत नाही, हे मला नीट मांडता यायला पार्करच्या आयुष्यातला एक दिवस उपयोगी पडला.

तो दिवस ३० जानेवारी १९५३. माइल्स डेव्हिसचं ध्वनिमुद्रण होतं. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्यामुळे त्याला 'चार्ली चॅन' हे खोटं नाव देऊन बोलावलं होतं, आणि त्या दिवशी तो आल्टोऐवजी टेनर वाजवत होता. दुसरा टेनरवाला होता सनी रोलिन्स, वय बावीस. हार्लेममध्ये वाढलेला, पार्करला देव मानणारा, आणि त्या देवामागून हेरॉइनपर्यंत पोचलेला. एव्हाना तुरुंगही पाहून झाला होता. पार्करनं त्याला विचारलं, कसं चाललंय? रोलिन्स म्हणाला, आता सुटलं सगळं, मी स्वच्छ आहे. पार्करला मनापासून आनंद झाला. थोड्या वेळानं आणखी एकानं, अगदी निष्पापपणे, रोलिन्सबरोबर आत्ताच नशा केल्याचं बोलून टाकलं. पार्करचा चेहरा पडला.

एवढंच झालं. भाषण नाही, शिवी नाही. रोलिन्सनं पुढे आयुष्यभर मुलाखतींतून सांगितलं की तो पडलेला चेहरा पाहून त्याला प्रथम कळलं, या माणसाला आपली खरंच काळजी आहे आणि आपल्यामुळे पोरं बुडताहेत याचं ओझं हा वाहतो आहे. त्यानं मनाशी ठरवलं. ठरवलं तरी लगेच जमलं नाही, पण १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात तो आपणहून दाखल झाला. बाहेर पडून पार्करला सांगायचं होतं की बघ, केलं. तो आत असतानाच पार्कर गेला.

या प्रसंगात मला तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसतात, ज्या आपण एरवी एकाच शब्दात कोंबतो. अपराध, कारण आणि देणं. पार्करनं रोलिन्सच्या दंडात सुई टोचली नव्हती, म्हणून अपराध नाही. तो कारण मात्र होता, एखादा नकळत कारण होतो तसा. आणि देणं म्हणजे जे चुकीचं न करताही माझ्या अंगावर येतं. वडिलांचं कर्ज मुलगा फेडतो तेव्हा ते कर्ज त्यानं काढलेलं नसतं, पण तो सावकाराला 'मी कुठे सही केली होती' असं विचारत नाही. विचारू शकतो, कायदा कदाचित त्याच्या बाजूनं असेल. तरी आपण त्याच्याबद्दल काहीतरी वेगळं मत करून घेतो.

गुरुजींचं वाक्य पुरत नव्हतं ते इथे. त्यांनी अपराधाचा आरोप खोडून काढला, जो कोणी केलाच नव्हता. देण्याचा विषय त्यांनी उघडलाच नाही. आणि पार्कर, ज्यानं पैसे बुडवले, गहाण ठेवलेली वाद्यं सोडवली नाहीत, बायकामुलांचे हाल केले, त्यानं ते देणं आपलं मानलं. स्वतःचं आयुष्य सावरणं त्याला जमलं नाही, पण दुसऱ्याच्या खोट्यानं त्याचा चेहरा पडला. कोणी म्हणेल, चेहरा पडल्यानं काय होतं? व्यसन सोडून दाखवलं असतं तर मानलं असतं. मला हा आक्षेप थोडा आरामखुर्चीतला वाटतो. ज्याच्या हातात स्वतःचा दोर उरला नव्हता त्यानं दुसऱ्याच्या दोराची काळजी करावी, ही लहान गोष्ट नाही. आणि झालं तर त्यातूनच झालं. शब्द जिथे पोचले नाहीत तिथे तो चेहरा पोचला.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सगळं खातं पार्करच्या नावावर मांडणं अनेकांच्या सोयीचं होतं. त्या काळात व्यसनी माणूस हा रोगी नव्हे, गुन्हेगार होता. परवानापत्र काढून घेतलं की क्लबातलं काम बंद, म्हणजे ज्या एका गोष्टीनं माणूस तगला असता तीच हिरावून घेतली. हार्लेमच्या गल्ल्यांत हेरॉइन कोणी आणलं, कोणाच्या आशीर्वादानं विकलं गेलं, याची चौकशी करण्यापेक्षा एका सॅक्सोफोनवाल्याचा वाईट आदर्श, हे स्पष्टीकरण स्वस्त पडतं. तरुण काळ्या पोरांच्या एका पिढीला शहरानं काय देऊ केलं होतं, हे त्यांच्या दैवतापेक्षा मोठं कारण असेल. प्रभाव हा शब्द कधीकधी अशा मोठ्या कारणांवर पांघरूण घालायला वापरला जातो.

आणि मग आपण, ऐकणारे. आपलंही एक खातं आहे, ते सहसा कोणी काढत नाही. 'लव्हर मॅन'चं ते मोडकं ध्वनिमुद्रण कंपनीनं बाजारात आणलं आणि पार्करनं तिच्या मालकाला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. पण ते विकलं गेलं, आजही ऐकलं जातं, मीही ऐकतो. मिंगससारख्या माणसानं तर ते त्याच्या उत्तम ध्वनिमुद्रणांत धरलं. त्यात दुःख आहे हे खरं. पण ते ऐकताना आपल्याला जे भरून येतं त्यात सुरांचा वाटा किती आणि तो माणूस कोसळतो आहे हे ठाऊक असण्याचा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनाच्या लेखकानं १९५९ साली एक दीर्घकथा प्रसिद्ध केली, 'एल पेर्सेगिदोर'. पाठलाग करणारा. तिच्यातला जॉनी कार्टर हा पार्करच आहे, कथा त्याच्या आद्याक्षरांना अर्पण केलेली आहे. कथा सांगतो ब्रूनो, जॉनीवर पुस्तक लिहिलेला समीक्षक. ब्रूनो जॉनीवर प्रेम करतो, त्याला पैसे देतो, त्याची काळजी घेतो. आणि आत कुठेतरी त्याला भीती असते ती जॉनी मरेल याची नव्हे, तर तो पुस्तकातल्या जॉनीशी विसंगत काहीतरी करेल याची. जॅझवर लिहिलेलं मी जे थोडंफार वाचलं त्यात इतका निर्दय आरसा दुसरा नाही. आपण कलावंताची बरबादी गोष्टीसारखी सांगतो, मैफलीनंतर चवीनं सांगतो, "काय माणूस होता, पण दारूनं..." आणि त्या 'पण'मध्ये एक 'म्हणूनच' दडवतो. समोर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा तो 'म्हणूनच' बरोबर ऐकतो. माझ्या मित्रानं तो गुरुजींच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमच्यासारख्या कट्ट्यांवर मात्र शंभरदा ऐकला असेल.

रोलिन्सचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. लेक्सिंग्टनहून तो शिकागोला गेला आणि क्लबात परतण्याऐवजी झाडलोटीची कामं केली. नशेशिवाय वाजवता येईल का, ही भीती होतीच. १९५५ च्या शेवटी त्याला क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या पंचकात जागा मिळाली. क्लिफर्ड ब्राउन हा त्या काळातला सर्वांत तेजस्वी तरुण ट्रम्पेटवाला, आणि तो दारूला शिवत नसे, हेरॉइनला तर नाहीच. रात्री वाजवायचा, दिवसा सराव करायचा, बुद्धिबळ खेळायचा. रोलिन्सनं सांगितलं आहे की चांगलं वाजवायला बरबाद व्हावं लागत नाही, हे त्याला ब्राउनकडे पाहून पटलं. म्हणजे शेवटी ते पटवायला पुन्हा एक दिसणारं उदाहरणच लागलं. गीतेचं उत्तर इथे जिंकतं म्हणावं, तर २६ जून १९५६ रोजी मोटार अपघातात ब्राउन गेला. वय पंचवीस. पार्करहून नऊ वर्षांनी लहान. सद्वर्तनाला बक्षीस असतं अशी गोष्ट ज्यांना हवी असेल त्यांनी दुसरीकडे शोधावी.

रोलिन्स मात्र वाजवत राहिला. १९५९ मध्ये, ऐन प्रसिद्धीत, क्लब सोडून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन दोन वर्षं एकट्यानं रियाझ केला. साठचं दशक संपता संपता पुन्हा सगळं थांबवून तो मुंबईला आला आणि पवईच्या एका आश्रमात काही महिने राहिला. तेव्हाची पवई म्हणजे तळं, झाडी आणि शांतता.

जॅकी मॅक्लीन हा रोलिन्सच्याच गल्लीतला, त्याच्याहून वर्षभरानं लहान. आल्टोवाला, म्हणजे पार्करच्या सर्वांत जवळच्या सावलीतला. पोरवयात तो पार्करला वाद्य उसनं द्यायचा आणि पार्कर ते गहाण टाकायचा. सुई त्यानंही घेतली, परवानापत्र त्याचंही गेलं, बाहेर पडायला त्याला रोलिन्सहून बरीच जास्त वर्षं लागली. त्याच्या आल्टोचा स्वर पार्करहून निराळा होता, किंचित चढा, लिंबासारखा आंबट. तो ऐकला की ओळखू येतो. सत्तरच्या सुमाराला तो कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात शिकवू लागला. तिथल्या हार्ट स्कूलमध्ये त्यानं जॅझचा अभ्यासक्रम उभा केला, आणि बायको डॉली हिच्याबरोबर गरीब वस्तीतल्या मुलांसाठी आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह नावाची संस्था काढली. नाच, नाटक, चित्रं, वाद्यं. मुलं शाळा सुटली की यायची. २००६ साली मॅक्लीन गेला तोवर त्या वस्तीतल्या कितीतरी पोरांनी त्याच्यासमोर बसून पार्करचं वादन सुरासुरानं पाठ केलं होतं, जसं ओझार्कच्या डोंगरात पार्करनं लेस्टर यंगचं केलं होतं.